इंदूर पाहताना : राजवाडा, माणिकबाग आणि अरण्य

इंदूरला जाणाऱ्या आपल्या मंडळींची यादी ठरलेली असते. राजवाडा, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, लालबाग, रात्री सराफा. यादी वाईट नाही. पण ती होळकरांपाशी सुरू होऊन होळकरांपाशीच संपते, आणि तिच्यात ‘सुंदर’ या शब्दाचा अर्थ ‘राजाने बांधलेलं’ एवढाच उरतो. गेल्या हिवाळ्यात मी बडोद्याहून तीन दिवस इंदूरला होतो. या यादीबद्दलची माझी तक्रार तिथे पक्की झाली. ती तीन वास्तूंच्या आधाराने मांडतो. पेशाने मी इंजिनिअर, त्यामुळे नक्षीच्या आधी भार कुठून कुठे उतरतो हे पाहायची खोड आहे, ती सांभाळून घ्यावी.

पहिला राजवाडा. सात मजले, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. गाइड लोक याला मराठा, मोगल आणि फ्रेंच शैलींचा संगम म्हणतात आणि पुढे सरकतात. शैलीचं नाव घेतलं की पाहणं थांबतं, ही अडचण. मुळात ही रचना आपल्या ओळखीच्या वाड्याचीच आहे, फक्त उंच ताणलेली. जोतं आणि खालचा भाग चिरेबंदी, वर खांब-तुळयांचा सांगाडा. जड सामान खाली, हलकं वर. त्यामुळे पायावरचा भार आटोक्यात राहतो आणि वरच्या मजल्यांना सज्जे, झरोके, खिडक्या मोकळेपणाने देता येतात. पुण्याच्या शनिवारवाड्याचे वरचे मजले 1828 च्या आगीत गेले. आज तिथे जोती आणि तट पाहून बाकीचं मनात उभं करावं लागतं. इंदूरच्या चौकात मान वर केली की तशा बांधणीची कल्पना डोळ्यांसमोर येते. माझ्या मते राजवाड्याचं खरं मोल हे आहे.

किंमतही त्याच लाकडाने मोजली. 1801 मध्ये शिंद्यांच्या फौजेने इंदूर लुटलं तेव्हा वाडा जळाला, 1984 च्या दंगलीत पुन्हा आग लागली आणि मागचा बराच भाग गेला. तो नंतर उभारला गेला. म्हणजे आज आपण ‘अठराव्या शतकातला वाडा’ म्हणून जे पाहतो ते अनेक पिढ्यांच्या दुरुस्त्यांचं गाठोडं आहे. यात कमीपणा नाही. लाकडी इमारत अशीच जगते, भाग बदलत बदलत. पण हे माहितीफलकावर ठळक लिहावं, कारण कारागिरांचं श्रेय त्याच्यातच आहे.

लालबागेबद्दल थोडक्यात. 1886 ते 1921 एवढं काम चाललं. फाटक लंडनच्या बकिंगहॅम पॅलेसच्या धर्तीवरचं. दालनं देखणी आहेत, पण माळव्याच्या उन्हाशी, मातीशी त्यांचं काही बोलणं झालेलं दिसत नाही. आमच्या बडोद्याच्या लक्ष्मीविलासात निदान देशी घुमट-कमानींशी झटापट तरी आहे.

याच घराण्यातल्या पुढच्या पिढीने मात्र एकदम वेगळी उडी मारली. यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी ऑक्सफर्डला ओळख झालेल्या एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून 1930 ते 1933 मध्ये माणिकबाग बांधून घेतली. राजा विशीतला, वास्तुकार जेमतेम सव्वीस वर्षांचा. सपाट भिंती, धातूच्या खिडक्या, वातानुकूलन, घरासाठी म्हणून घडवलेलं एकेक दिवा-फर्निचर. ना कळस, ना कमान. 1980 मध्ये ते फर्निचर मोनाकोत लिलावात गेलं, आणि इमारतीत केंद्र सरकारच्या महसूल खात्याचं कार्यालय आलं. ज्या घरात भिंत आणि खुर्ची एकाच हाताने आखली होती, तिथली खुर्ची गेली की निम्मी वास्तू गेली. तरीही एक टीका करतोच. माणिकबाग अचूक आहे, पण एकटी आहे. ती शहराकडे पाठ करून बसली आहे. राजवाड्याच्या पुढ्यात बाजार भरतो. माणिकबागेपुढे काही भरत नाही.

तिसरं ठिकाण कोणत्याच फेरीत नसतं : अरण्य वसाहत. बाळकृष्ण दोशी हे जन्माने पुण्याचे, ल कॉर्बुझिएच्या हाताखाली तयार झालेले, 2018 मध्ये प्रिट्झकर मिळवणारे पहिले भारतीय. त्यांच्या वास्तुशिल्प फाउंडेशनने 1980 च्या दशकात इंदूर विकास प्राधिकरणासाठी ही वसाहत आखली : सुमारे 85 हेक्टर, साडेसहा हजार घरं, बहुतेक गरिबांसाठी. आधी इंदूरच्या झोपडवस्त्या मोजल्या, लोक ओट्यावर काय करतात, जिना कुठे काढतात हे टिपलं. मग तयार घर न देता जोतं, नळ, संडास आणि साधारण 35 चौरस मीटरचा प्लॉट दिला. बाकीचं ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे चढवायचं. मोठे प्लॉट बाजारभावाने विकून त्या पैशाचा आधार छोट्यांना. नमुन्यादाखल ऐंशीएक घरं बांधली. 1995 मध्ये आगा खान पुरस्कार मिळाला.

आज तिथे गेलं तर फोटोतली अरण्य सापडत नाही. मजले चढलेत, टाइल्स आल्यात, मूळ मालकांपैकी काहींनी प्लॉट विकलेत. हे विकणं योजनेचं अपयश म्हणता येईल, आणि ते खरंच तपासायला हवं. पण गल्ल्यांची रुंदी, ओटे, घराबाहेरून चढणारे जिने टिकून आहेत. दुपारी बायका ओट्यावर भाजी निवडत होत्या, जिन्याच्या पायरीवर एक पोरगा अभ्यास करत होता. खाली पक्कं जोतं, वर ज्याला जसं जमेल तसं : हे राजवाड्याचंच गणित, राजाशिवाय.

पॅट्रिक गेडिस यांनी 1918 मध्ये होळकर दरबाराला इंदूरचा नगररचना अहवाल दिला. जुनं सरसकट पाडू नका, गरज तिथेच हात घाला, असा त्यांचा आग्रह होता. अरण्यची मोजणी त्याच वाटेने जाते. म्हणून सुचवतो : पुढच्या इंदूर फेरीत अर्धा दिवस अरण्यसाठी ठेवा. आणि जे वास्तू-इतिहास लिहितात त्यांनी तिथली उरलेली नमुना घरं आताच मोजून, रेखाटून ठेवावीत. राजवाडा जळाला तर बातमी होते. अरण्यमधलं शेवटचं मूळ घर बदलेल त्या दिवशी कुणाला कळणारही नाही.