हिसके न देणारा रथ

भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'वर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यातले बरेचसे करुणरसाभोवती फिरते. पण पहिला अंक एका गर्भवतीच्या देखभालीचा अंक म्हणून वाचला, की हे नाटक निराळे दिसू लागते. निराळे आणि अधिक कठोर.

पडदा उघडतो तेव्हा घर रिकामे आहे. ऋष्यशृंगाच्या बारा वर्षांच्या सत्रासाठी वसिष्ठ, अरुंधती, रामाच्या माता, सारे गेले आहेत. दिवस भरत आलेली सीता तेवढी मागे राहिली आहे. वडीलही नुकतेच परतले, म्हणून ती उदास आहे. राजवाड्यात माणसांची वाण नाही. पण पोटुशीजवळ बसावे असे एकही वडीलधारे बाईमाणूस उरलेले नाही. तिच्या उदासीवर उपाय म्हणून भिंतीवरची चित्रे दाखवली जातात आणि ती तिच्याच हालअपेष्टांची असतात! ती पाहता पाहता तिला डोहाळा होतो: पुन्हा त्या वनात हिंडावे, भागीरथीत न्हावे.

डोहाळा या शब्दाचे मूळ बरेच जण दौहृदात, म्हणजे दोन हृदयांत शोधतात. चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते, म्हणून तिची इच्छा मोडू नये, मोडल्यास मुलात व्यंग येते, असे सुश्रुत सांगतो. चरक तिला काठोकाठ भरलेल्या तेलाच्या भांड्यासारखे जपायला सांगतो. उपमा सुरेख आहे, पण काळजी तेलाची आहे. भांड्याला काय वाटते हे विचारायचे कारण पडत नाही. (आजची गर्भसंस्काराची चकचकीत पुस्तकेही बाईने आनंदी राहावे म्हणतात ते बाळासाठी.) सुश्रुताने गर्भिणीला वर्ज्य सांगितलेल्या गोष्टींत शोक, भीती आणि वाहनावर चढणे ही तिन्ही आहेत. सीतेच्या वाट्याला तिन्ही एकाच दिवशी येतात.

भवभूतीची खरी करामत अष्टावक्राने आणलेल्या निरोपांत आहे. वसिष्ठाचा निरोप: प्रजेला संतुष्ट ठेव. अरुंधतीचा, मातांचा आणि शांतेचा निरोप: तिचा जो डोहाळा असेल तो लगेच पुरव. एक पुरुषाचा, एक बायकांचा. दोन्ही एकाच तोंडून, एकाच दमात. राम दोन्ही पाळतो आणि त्यासाठी त्याला एकच रथ पुरतो. तो रथ हिसके न देणारा असावा, असे तो आधीच बजावून ठेवतो. तेव्हा त्याच्या मनात खोट नसते. मग दुर्मुख लोकापवाद सांगतो आणि तोच मऊ चालीचा रथ टाकून देण्यासाठी वापरला जातो. गर्भाच्या भारामुळे सावकाश चालू या, असे म्हणत सीता आपणहून त्याकडे जाते. पुढच्या अंकांत राम कितीही वेळा मूर्च्छित पडला, तरी मला हा रथ विसरता येत नाही.

जात्यावरच्या ओव्यांना हीच सीता ठाऊक आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हां यांनी जमवलेल्या लाखाहून अधिक ओव्यांत तिच्या वनवासाच्या ओव्या गावोगावच्या बायकांनी सांगितल्या आहेत. गर्भारपणात आठवड्याला 150 मिनिटे तरी हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना आता सांगते. दळण, पाणी, शेत करणाऱ्या या बायकांना ते सांगावे लागले नाही. त्यांना 'आता बस' म्हणणारे कोणी नव्हते. म्हणूनच त्यांची सीता रानात रडते तेव्हा त्या तिच्यासाठी आधी सोबत शोधतात. बोरी आणि बाभळी बाया होऊन तिची समजूत घालायला येतात.

तेलुगू बायकांच्या रामायणगीतांतही कौसल्येच्या ओकाऱ्या आणि वेणा येतात, पण तिच्याभोवती घर भरलेले असते. भवभूतीलाही रिकाम्या घराची उणीव जाणवली असावी: सातव्या अंकातल्या नाटकात (त्याला गर्भांकच म्हणतात) पृथ्वी आणि भागीरथी सीतेला दोन्ही बाजूंनी सावरून धरतात. त्याला त्यासाठी देवता लागल्या. ओवी रचणारीने आंबा किंवा चंदनही निवडला नाही. सरपणासाठी रोज जिच्यापाशी जावे लागते आणि जिचे काटे हातात मोडतात, ती बाभळ निवडली.