‘तिला चालवते’ : स्तनकर्करोगाच्या उपचारकाळातील व्यायामविषयक लेखनाची भाषा

‘तिला चालवते’ हे दोन शब्दांचे वाक्य मराठीत दोन अर्थांनी वापरता येते. एका अर्थी कोणी परिचारिका तिला हात देऊन चालवीत असते; तेथे ‘चालवते’ हे प्रयोजक क्रियापद असून त्याची कर्त्री अध्याहृत आहे. दुसऱ्या अर्थी चालण्याइतके बळ तिच्या अंगी असते. तेथे तेच रूप शक्य क्रियापद होय. शालेय व्याकरणांत शक्य क्रियापदाची उदाहरणे पाहिली तर ती बहुधा दुखणाइताची किंवा वृद्धाची असतात: आजाऱ्याला आता थोडे बसवते, आजोबांना आता चालवते. हा योगायोग नव्हे. शक्य क्रियापदाचा वावर मराठीत प्रामुख्याने नकारातच असतो. उठवत नाही, बघवत नाही, घास गिळवत नाही, अशी त्याची रूपे नित्याच्या बोलण्यात येतात. होकारार्थी रूप ऐकू येते ते दुखण्यातून उठणाऱ्या माणसाच्या तोंडी, आणि तेही बहुधा ‘आता’ व ‘थोडे’ या दोन शब्दांच्या सोबतीने. ‘चालता येते’ यापेक्षा हे निराळे आहे. चालता येणे ही आत्मसात केलेली क्रिया होय. चालवणे म्हणजे त्या घटकेला शरीराने ती क्रिया सोसणे.

या द्व्यर्थी वाक्याचा उपयोग येथे एका विशिष्ट गद्याची परीक्षा करण्यासाठी केला आहे. स्तनकर्करोगावर उपचार चालू असताना स्त्रियांना दिल्या जाणाऱ्या व्यायाम-प्रशिक्षणासंबंधी गेल्या तीन-चार दशकांत जे शोधनिबंध प्रसिद्ध झाले, ते हे गद्य होय. भाषाविभागात अशा लेखनाकडे वाङ्मय म्हणून पाहण्याची प्रथा नाही. तथापि जे लेखन उद्या रुग्णसूचनांच्या रूपाने मराठीत उतरावयाचे आहे, त्यात कोण कोणाला चालवते हा प्रश्न केवळ व्याकरणाचा राहत नाही.

आरंभी निषेधाची भाषा होती. अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केलेल्या शस्त्रक्रियेत स्तनाबरोबर छातीचे स्नायू व काखेतील गाठीही काढून टाकीत. ही पद्धती विसाव्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकापर्यंत प्रभावी होती. अशा शस्त्रक्रियेनंतर खांदा आखडणे व हाताला लसीकेची सूज येणे हे वारंवार घडे. टेरेसे लासर या स्त्रीवर १९५२ साली अशी शस्त्रक्रिया झाली, आणि पुढे तिने ‘रीच टु रिकव्हरी’ या नावाचे कार्य उभे केले. शस्त्रक्रिया झालेल्या दुसऱ्या स्त्रीला भेटावयास जाताना नेण्याच्या तिच्या संचात तात्पुरत्या कृत्रिम स्तनाबरोबर व्यायामासाठी एक चेंडू आणि दोरीही असे. १९६९ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने हे कार्य आपल्याकडे घेतले. कार्याच्या नावातील क्रियापद लक्षात घेण्यासारखे आहे: हात पुढे करून गाठणे. पण लासरच्या दोरीचा हेतू आखडलेला सांधा मोकळा करण्यापुरताच होता. त्यापलीकडे सल्ला होता तो जपण्याचा. जड उचलू नये, दमेल असे काही करू नये, विश्रांती घ्यावी. मराठीत हे सहज उतरते, कारण आपल्याकडे ‘पथ्य’ या शब्दाला व्यवहारात निषेधाचाच अर्थ चिकटला आहे. मुळात पथ्य म्हणजे हितकर ते. पण पथ्य सांगा म्हटले की वैद्याकडून काय खाऊ नये याची यादी अपेक्षिली जाते.

ही विश्रांती हितकर होती का, हा प्रश्न प्रयोगाने विचारला तो परिचर्याशास्त्रातील संशोधकांनी. मॅकव्हिकर, विनिंगहॅम व निकेल यांचा १९८९ सालचा निबंध या दृष्टीने आद्य म्हणावयास हरकत नाही. केमोथेरपी चालू असलेल्या ४५ स्त्रिया, स्थिर सायकल, आठवड्यातून तीन वेळा, दहा आठवडे; आणि अखेरीस व्यायाम करणाऱ्या गटाची कार्यक्षमता सुमारे ४० टक्क्यांनी वाढलेली. या निष्कर्षामागील कारण आता सर्वपरिचित आहे. औषधाने येणारा थकवा नेहमीच्या दमणुकीसारखा झोपेने जात नाही. झोपून राहिल्याने स्नायू उणावतात, हृदयाची क्षमता घटते, आणि मग जिना चढण्याच्या साध्या कामालाही पूर्वीपेक्षा मोठा प्रयास पडतो. म्हणजे थकव्यावर योजलेली विश्रांतीच थकव्याला खतपाणी घालते. येथे मराठी वाक्यरचना नकळत एक तथ्य सांगून जाते. ‘तिला थकवा येतो’ आणि ‘तिला हात वर करता येतो’ या दोन्ही वाक्यांत स्त्री चतुर्थीत आहे व क्रियापद ‘येणे’ हेच आहे. थकवा जसा येतो तसे सामर्थ्यही येते. दोहोंच्या मधे जे ‘करणे’ आहे, ज्याची ती प्रथमेतील कर्त्री होते, तेच या सर्व संशोधनाचा विषय होय.

असे असता निबंधांतून ती कर्त्री क्वचितच दिसते. या लेखनाने आपली परिभाषा औषधशास्त्राकडून उसनी घेतली. व्यायामाचा ‘डोस’ असतो, त्याची तीव्रता व वारंवारता ठरविली जाते, तो ‘दिला’ जातो. कॅनडातील कर्निया व त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१३ सालच्या निबंधात तर ‘डोस’ हा शब्द शीर्षकातच आहे. त्यात केमोथेरपी घेणाऱ्या ३०१ स्त्रियांचे तीन गट केले होते: एकास २५ ते ३० मिनिटांचा दमसासाचा व्यायाम, दुसऱ्यास तोच ५० ते ६० मिनिटे, तिसऱ्यास तितकाच वेळ दमसास व वजने यांचा मिश्र व्यायाम. मराठीत ‘डोस’ला ‘मात्रा’ म्हणावे लागेल, आणि मात्रा हा शब्द आपल्याकडे उगाळून चाटविण्याच्या औषधाचा आहे. मात्रा लागू पडते किंवा पडत नाही. चाटणाऱ्याने काही करावयाचे नसते. सायकलचे पायडल मात्र चाटविता येत नाही.

या उसनवारीवर सरसकट टीका करणे अन्यायाचे होईल. रुग्णालयात व्यायामाला प्रवेश मिळाला तो या परिभाषेच्या बळावरच. जे मोजता येत नाही, ज्याची तुलना निष्क्रिय गटाशी करता येत नाही, ते उपचारांच्या आराखड्यात बसत नाही. २०२२ साली अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी या संस्थेने, रोग बरा करण्याच्या हेतूने उपचार चालू असतानाच डॉक्टरांनी दमसासाचा व बळाचा व्यायाम सुचवावा अशी शिफारस केली, ती ‘मात्रे’च्या हिशेबाने लिहिलेल्या शेकडो पानांवर उभी आहे. निषेधाच्या भाषेला असा कोणताही हिशेब द्यावा लागला नव्हता, हेही विसरता कामा नये.

याच संशोधकांचा २००७ सालचा निबंध या वाङ्मयात अधिक वाचनीय ठरतो, आणि त्याचे कारण त्याचा प्रामाणिकपणा हे आहे. ओटावा, एडमंटन व व्हँकुव्हर येथील २४२ स्त्रियांना केमोथेरपीच्या काळात तीन गटांत विभागले: दमसासाचा व्यायाम, वजनांचा व्यायाम, आणि नेहमीची शुश्रूषा. निबंधाचा मुख्य प्रश्न होता जीवनमानाचा, आणि त्याचे उत्तर नकारार्थी आले: व्यायामाने जीवनमानाच्या गुणांकात संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय फरक पडला नाही. हे लपविलेले नाही. आत्मसन्मान दोन्ही व्यायामगटांत वाढला. दमसासाच्या गटाचा दम वाढला, वजनांच्या गटाचे बळ व स्नायू वाढले. हाताच्या सुजेचे प्रमाण वाढले नाही. याखेरीज एक गौण निष्कर्ष पुढे अधिक चर्चिला गेला. योजलेल्या केमोथेरपीपैकी प्रत्यक्ष पोचलेल्या औषधाचे सरासरी प्रमाण नेहमीच्या शुश्रूषेच्या गटात ८४.१ टक्के, दमसासाच्या गटात ८७.४ टक्के व वजनांच्या गटात ८९.८ टक्के होते. तो जपून वाचावयास हवा. पण त्याच्या लोकप्रियतेचे रहस्य भाषेत आहे. व्यायामाला औषध म्हणता म्हणता अखेर त्याची किंमत दुसऱ्या औषधाचा वाहक म्हणून ठरली. स्त्रीला काय करवू लागले हा मूळ प्रश्न येथे मागे पडतो. ‘आत्मसन्मान वाढला’ हा निष्कर्ष जीवनमानाच्या नकाराशेजारी उभा असताना तोच खरे तर अधिक विचारास पात्र होता.

निषेधाच्या भाषेचा खरा पाडाव २००९ साली झाला. कॅथरिन श्मिट्झ व सहकाऱ्यांनी, ज्यांच्या हाताला सूज आधीच होती अशा १४१ स्त्रियांपैकी एका गटाला आठवड्यातून दोनदा वजने उचलावयास लावली. प्रारंभी देखरेखीखाली, पुढे स्वतंत्रपणे, एकूण वर्षभर. या स्त्रियांचे मुख्य उपचार संपलेले होते, हा फरक ध्यानी ठेवूनही निष्कर्ष महत्त्वाचा आहे. सूज वाढलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखे, ११ व १२ टक्के. सूज चिघळण्याचे प्रसंग मात्र वजने उचलणाऱ्यांत १४ टक्के, न उचलणाऱ्यांत २९ टक्के. या निबंधाच्या आरंभी ‘निषिद्ध मानणे’ या अर्थाचे जे इंग्रजी क्रियापद आहे, ते ‘औषध लिहून देणे’ या अर्थाच्या क्रियापदाहून एका अक्षरानेच भिन्न आहे. वर्षानुवर्षे स्त्रियांनी भरलेली बादली, मूल, पिशवी ज्या हाताने उचलण्याचे टाळले, त्या टाळण्याला याहून भक्कम आधार नव्हता.

गद्य म्हणून या सर्वांत वेगळा उठून दिसतो तो व्हँकुव्हरच्या डॉन मॅकेन्झी यांचा १९९८ सालचा छोटा निबंध. क्रीडावैद्यकाच्या या प्राध्यापकांनी १९९६ साली स्तनकर्करोगातून गेलेल्या २४ स्त्रियांना ड्रॅगन-नौका वल्हवावयास शिकविले. वरच्या अंगाचा जोराचा, पुनःपुन्हा होणारा व्यायाम सूज आणतो या समजुतीला दिलेले ते आव्हान होते. त्या मोसमात एकीलाही नवी सूज आली नाही. नियंत्रक गट नाही, संख्या थोडी. पुरावा म्हणून निबंध कच्चाच. पण येथे स्त्रिया वाक्यांच्या कर्त्र्या आहेत: त्या वल्हवतात, शर्यतीत उतरतात, इतरांना बोलावतात. आणि अखेरीस लेखणीही वैद्यकीय पत्रिकेच्या सवयीपेक्षा मोकळी होते. पथकाचे नाव ‘अब्रेस्ट इन अ बोट’. बरोबरीने, शेजारीशेजारी या अर्थाच्या त्या इंग्रजी क्रियाविशेषणाच्या पोटात स्तनवाचक शब्द आहे, आणि नौकेत वल्हवणाऱ्या जोडीजोडीनेच बसतात. या श्लेषाचे भाषांतर होणार नाही असे प्रथम वाटते. पण मराठीत त्या जागी ‘खांद्याला खांदा लावून’ हा वाक्प्रचार आहे, आणि शस्त्रक्रियेनंतर आखडतो तो सांधाही खांदाच. श्लेष निराळा पडतो, पण अवयव फारसा दूर जात नाही.

आता ‘पालन’ या शब्दाकडे वळावयाचे. ठरविलेल्या सत्रांपैकी किती सत्रांना स्त्री हजर राहिली, यास या निबंधांत जी संज्ञा आहे तिचे मराठी रूप बहुधा ‘अनुपालन’ असे केले जाईल. ‘पाळणे’ या मराठी क्रियापदाची कर्मे पाहावीत: व्रत, सोवळे, विटाळ, पथ्य. चुकले तर दोष पाळणाऱ्याकडे. २००७ च्या चाचणीत हजेरी सुमारे ७० टक्के होती. उरलेल्या सत्रांना स्त्रिया का आल्या नाहीत, याची नोंद संशोधकांनी घेतली व २००८ साली ती स्वतंत्र निबंधात प्रसिद्ध केली. हे काम ‘अनुपालन’ या शब्दाच्या वृत्तीविरुद्ध जाणारे आहे, म्हणून त्याचे मोल विशेष. एकूण ३६ निराळी कारणे निघाली, त्यांपैकी १९ रोगाशी वा उपचाराशी निगडित. आणि चुकलेल्या सत्रांपैकी ५३ टक्के या १९ कारणांनी चुकली. बरे न वाटणे सर्वांत वर, त्याखाली थकवा, नंतर गोडी न उरणे, पुढे सुट्टीवर जाणे आणि मळमळ-ओकारी. सुट्टीवर गेलेली स्त्री आणि ओकारीने अंथरुणाला खिळलेली स्त्री हजेरीपटावर सारख्याच गैरहजर दिसतात. या यादीत त्या वेगळ्या होतात. व्यायामविषयक या सर्व वाङ्मयात, ज्याला माणसाच्या दिवसाचे वर्णन म्हणता येईल असे काही या कोरड्या तक्त्यातच अधिक सापडते.

मराठी सूचनापत्रक लिहिणाऱ्याने या तक्त्यापासून आरंभ केला तर त्याला विध्यर्थाचा आधार सारखा घ्यावा लागणार नाही. ‘दररोज हात डोक्यापर्यंत न्यावा’ या वाक्यात कर्तव्य आहे. ज्या दिवशी हात गेला नाही त्या दिवसाला त्यात जागा नाही. ‘बोटे भिंतीवरून चढवीत जावीत, जिथे थांबतील तिथे खडूने खूण करावी’ असे लिहिले की विध्यर्थ राहतो, पण मोजमाप तिच्या हाती येते. केस विंचरणे, फळीवरचा डबा काढणे, पाठीमागचा हूक लावणे ही कामे अशा पत्रकात व्यायामाच्या नावांच्या बरोबरीने यावयास हवीत, कारण घरात सामर्थ्याची परीक्षा होते ती तेथेच. आणि केमोथेरपीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ज्या स्त्रीला उठवतही नाही, तिच्यासाठी त्याच पानावर एक ओळ असावी: आज करवत नसेल तर राहू द्यावे, उद्या थोडे चालवेल.