कॅराव्हॅन तुमसर रोडला का थांबत नाही?

महाराष्ट्राने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. समजा तुम्ही तशी एक गाडी घेतली आणि पूर्व विदर्भातली इंग्रजांच्या काळातली ठिकाणं बघायला निघालात. तुमची यादी मी न बघता सांगू शकते. नागपूरचा झिरो माईल, १८१७ च्या लढाईचा सीताबर्डी किल्ला, कामठीची १८२१ ची छावणी, एखादं जुनं चर्च, आणि मग वाघ बघायला पेंच. आमच्या मोहाडीवरून गेलातच तर चौंडेश्वरीचं दर्शन घ्याल आणि पुढे निघाल.

ही यादी खोटी नाही, पण अपुरी आहे. माझी तक्रार अशी की ती इंग्रजांनी इथे काय बांधलं तेवढंच दाखवते. इथून काय नेलं, ते तिच्यात कुठेच नाही.

मोहाडीहून तुमसर गाडीने अर्ध्या तासाच्या आत येतं. तुमसरच्या उत्तरेला चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या मँगनीजच्या खाणी आहेत. पोलाद बनवताना त्यातलं गंधक आणि ऑक्सिजन पकडायला मँगनीज लागतं. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोपच्या भट्ट्यांना ते हवंच होतं. दगड जड असल्यामुळे रेल्वेशिवाय धंदा परवडला नसता. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेची लाईन तुमसर रोडवरून आधीच जात होती. १८९६ मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट आलं. पुढे त्याचीच सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी झाली, ब्रिटनमध्ये नोंदलेली. तुमसर रोडहून तिरोडीकडे जाणारी शाखा याच पट्ट्यातून जाते.

आता तारखा बघा. १९४७ ला देश स्वतंत्र झाला. सरकारने या खाणी घेऊन आजची मॉइल उभी केली ती १९६२ मध्ये, आणि तेव्हाही ४९ टक्के हिस्सा त्या ब्रिटिश कंपनीकडेच राहिला. तो पूर्ण सुटला १९७७ मध्ये. म्हणजे झेंडा बदलल्यावर तीस वर्षं वसाहतीचा एक तुकडा आपल्या जिल्ह्यात कागदोपत्री चालू होता. ‘ब्रिटिशकालीन वारसा’ म्हणून १९४७ पाशी थांबणाऱ्या यादीत हे बसणार कुठे?

तुम्ही म्हणाल, खाणीत बघायचं काय? आत सोडतही नाहीत. बरोबर आहे, चालू खाण म्हणजे बाग नव्हे. पण झिरो माईलला तरी आपण काय बघतो? १९०७ चा जीटीएसचा बेंचमार्क, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची सांगणारा दगड. त्याच्यावर ‘भारताचा मध्यबिंदू’ ही गोष्ट चढली, बाजूला चार घोडे उभे राहिले आणि लोक फोटो काढू लागले. खरं तर उंची मोजायच्या खुणेला मध्यावर असायची काहीच गरज नसते. पण गोष्ट सांगितली की दगड बघण्यासारखा होतो. तुमसरच्या दगडांची गोष्ट तर खरी आहे.

ती माझ्या संशोधनाशीही जोडलेली आहे, म्हणून थोडी सांगते. जिऑलॉजिकल सर्व्हेच्या लुईस ली फर्मर यांनी १९०९ मध्ये भारतातल्या मँगनीजवर हजाराहून जास्त पानांचा ग्रंथ काढला. काम पक्कं आहे, त्याबद्दल वाद नाही. प्रश्न नावांचा आहे. स्पेसार्टिन गार्नेट आणि क्वार्ट्झ मिळून बनलेल्या इथल्या खडकाला त्यांनी गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ म्हटलं. झाबुआकडे सापडलेल्या खनिजाला ‘हॉलंडाइट’ नाव मिळालं, ते सर्व्हेचे प्रमुख थॉमस हॉलंड यांच्यावरून. साहेबाचं नाव एकट्या माणसाचं आणि गोंडांचं नाव अख्ख्या जमातीचं. खाणीत दगड फोडणाऱ्या बाया-माणसांपैकी एकाचंही नाव खनिजाला लागलं नाही.

हॉलंडाइटच्या रचनेत मँगनीज आणि ऑक्सिजनच्या भिंतींमधून अणूंच्या मापाचे बोगदे असतात. मी प्रयोगशाळेत तशाच रचनेचा मँगनीज डायऑक्साइड बनवते आणि त्या बोगद्यांतून जस्ताचे आयन ये-जा करतात का ते बघते, कारण त्यावर स्वस्त बॅटरी चालू शकते. डोंगरी बुजुर्गलाही बॅटरीसाठीचा मँगनीज डायऑक्साइड बनतो. म्हणजे तेव्हा कच्चा दगड बाहेर जायचा, आज त्यातला थोडा तरी इथे पदार्थ होऊन बाहेर पडतो. वसाहत संपली म्हणजे नेमकं काय बदललं, हे समजायला मला किल्ल्यापेक्षा हा फरक जास्त उपयोगी वाटतो.

म्हणून यादी करणाऱ्यांकडे मागणी मोठी नाही. तुमसर रोड स्टेशनबाहेर एक मराठी फलक लावा, त्यावर १८९६, १९६२ आणि १९७७ ही तीन सालं लिहा. शेजारी गोंडाइटचा एक तुकडा ठेवा आणि गावातल्या जुन्या खाण कामगारांना विचारून त्यांची नावंही लिहा, ती सांगणारी माणसं आहेत तोवर.

आणि तुम्ही आलात तर घाई करू नका. रस्त्याकडेला काळा, जड दगड दिसला तर हातात घ्या. मऊ मँगनीज असेल तर बोटं काळी होतील.