हरवलेल्या मुलाची कादंबरी आणि वाचकाचा अपेक्षाभंग : ‘जिन पॅट्रोल ऑन द पर्पल लाइन’च्या शेवटाचा विचार

प्रस्तावना

रहस्यकथेचा वाचक काही ठरावीक अपेक्षा बाळगून पुस्तक उघडतो. गुन्हा घडेल, शोध सुरू होईल आणि अखेरीस उत्तर मिळेल, अशी त्याची खात्री असते. बाबुराव अर्नाळकरांनी मराठी वाचकाला ही सवय लावली, भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने ती बालवाचकांपर्यंत पोहोचवली. दीपा अनप्पारा यांची ‘जिन पॅट्रोल ऑन द पर्पल लाइन’ (२०२०) ही इंग्रजी कादंबरी नेमकी हीच अपेक्षा जागवते आणि शेवटी ती नाकारते. रहस्यकथेसाठी दिला जाणारा एडगर पुरस्कार २०२१ मध्ये या कादंबरीस मिळाला, हे येथे लक्षणीय ठरते. तिच्या शेवटाने होणारा अपेक्षाभंग कितपत न्याय्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कथानक व निवेदन

नऊ वर्षांचा जय हा कादंबरीचा निवेदक. दूरचित्रवाणीवरील पोलिसी मालिका पाहून तो गुप्तहेर बनतो. परी व फैज हे त्याचे साथीदार. वस्तीतील बहादूर प्रथम नाहीसा होतो, पाठोपाठ इतर मुले. पोलीस तक्रार नोंदवण्याऐवजी बहादूरच्या आईची सोनसाखळी घेतात आणि वस्तीवर बुलडोझर फिरवण्याची भीती घालतात. फैजच्या भावाला केवळ धर्मामुळे संशयित ठरवले जाते. शेवटी जयची धावपटू बहीण रुनूच बेपत्ता होते. संशयित पकडला जातो. रुनूचा मात्र ठावठिकाणा लागत नाही.

शेवटाची चिकित्सा

वाचकाची नाराजी दुहेरी आहे. रुनूचे काय झाले हे कळत नाही, ही पहिली तक्रार. ती स्वाभाविक असली तरी कलादृष्ट्या टिकत नाही. ज्या घरातील मूल परतत नाही, त्या घराला शोकही पूर्णत्वाने करता येत नाही. आशा हीच तेथे यातना ठरते. लेखिकेने उत्तर दिले असते, तर वाचक जयच्या कुटुंबाला मागे टाकून मोकळा झाला असता. इयन मॅकइवन यांच्या ‘द चाइल्ड इन टाइम’ (१९८७) मध्येही हरवलेली मुलगी सापडत नाही. पण तेथे नव्या बाळाच्या जन्माने वाचकाचे सांत्वन होते. अनप्पारा तेवढीही सवलत देत नाहीत.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. गुन्हेगाराचा उलगडा घाईने होतो. वस्ती, शाळा, बाजार, रेल्वे यांचे सावकाश चित्रण करणारी कादंबरी येथे अकस्मात वेग घेते. पोलिसांची उदासीनता आणि धर्मद्वेष यांवर रोखलेली नजर एका व्यक्तीच्या क्रौर्यावर स्थिरावते. त्यामुळे शेवट धड बंदिस्त नाही, धड मुक्तही नाही. खरी उणीव आहे ती या अर्धवट उलगड्यात.

कादंबरी वाचताना नोएडाजवळील निठारीचे स्मरण होते. तेथे डिसेंबर २००६ मध्ये एका घरामागील नाल्यातून बालकांचे अवशेष सापडले. ऑक्टोबर २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तपासावर ताशेरे ओढत दोन्ही आरोपींची निर्दोष मुक्तता केली. एका आरोपीविरुद्ध उरलेल्या अखेरच्या प्रकरणातील शिक्षाही सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये रद्द केली. कादंबरीने निदान संशयित तरी हाती दिला. वास्तवाने पालकांना तेही दिले नाही. या निकालांनंतर कादंबरीचा शेवट निराशावादी नव्हे, उलट काहीसा आशावादी वाटू लागतो.

समारोप

बेपत्ता बालकाच्या प्रत्येक तक्रारीवर गुन्हा नोंदवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये स्पष्ट केले. बहादूरच्या आईला हवे होते ते एवढेच. तुर्भे, रबाळे, दिघा येथील वस्त्यांतून नवी मुंबईच्या महाविद्यालयांत येणाऱ्या विद्यार्थ्याला लोहमार्गालगतच्या घरांचे आणि पलीकडच्या उंच इमारतींचे हे जग समजावून सांगावे लागणार नाही. ‘रुनू कुठे आहे?’ असे त्याने वर्गात चिडून विचारले, तर त्या प्रश्नाला अपरिपक्व आस्वाद मानून बाजूला सारणे ही अध्यापनाची चूक ठरेल. तो प्रश्न लेखिकेला विचारण्यापूर्वी पोलीस ठाण्याला विचारला जावा, हीच या शेवटाची मागणी आहे.