परवलीचा शब्द

'पासवर्ड' हा शब्द आता आपल्या घराघरांत रुळला आहे. बँकेच्या खात्याला तो लागतो, मोबाइलला लागतो, मुलांच्या शाळेच्या संगणकालाही लागतो. आणि तो कोणाला सांगू नये, ही त्याबरोबर मिळणारी पहिली ताकीद असते. मराठीत त्याला पूर्वीपासून 'परवलीचा शब्द' म्हणतात. रात्रीच्या पहाऱ्यावरील शिपायाला आपला कोण आणि परका कोण हे ओळखता यावे, म्हणून ठरवून ठेवलेला तो संकेत. पवित्र शास्त्राच्या वाचकांना येथे शास्ते या ग्रंथाचा बारावा अध्याय आठवेल. यार्देनेच्या उतारावर गिलादी लोक प्रत्येक वाटसरूला 'शिब्बोलेथ' हा शब्द उच्चारायला लावत. ज्याच्या तोंडून 'शि'ऐवजी 'सि' आले, तो एफ्राइमी ठरे आणि तेथेच मारला जाई. त्या प्रसंगी ४२,००० माणसे पडली, असे तो ग्रंथ सांगतो. शब्दाने माणसे निवडावीत आणि तोडावीत, ही परवलीची जुनी रीत.

याच नावाच्या एका दूरचित्रवाणी खेळाने ही रीत उलटी केली. 'पासवर्ड' हा खेळ अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर २ ऑक्टोबर १९६१ रोजी सुरू झाला. मार्क गुडसन व बिल टॉडमन यांच्या निर्मितीसंस्थेसाठी बॉब स्ट्युअर्ट यांनी तो रचला होता आणि ॲलन लडन हे त्याचे सूत्रधार होते. या खेळात परवलीचा शब्द ज्याच्या हाती आहे, त्याने तो दुसऱ्याच्या मनात उगवेल असे करायचे असते. शब्द लपवणाऱ्याला येथे गुण नाहीत. गुण आहेत ते पोहोचवणाऱ्याला. वरवर करमणुकीच्या दिसणाऱ्या या खेळाचा आम्ही गंभीरपणे विचार करू इच्छितो, तो याच कारणासाठी.

खेळाची मांडणी अगदी साधी. दोन जोड्या. प्रत्येक जोडीत एक प्रसिद्ध कलावंत आणि एक सर्वसामान्य नागरिक. दोन्ही जोड्यांतील एकेका खेळाडूला तोच शब्द दाखवला जाई. त्याने आपल्या जोडीदाराला सूचना म्हणून एकच शब्द द्यायचा. वाक्य नाही, दोन शब्द नाहीत, आणि मूळ शब्दाचा कोणताही भाग त्यात येता कामा नये. कोणती सूचना नियमात बसते, याचा निवाडा करण्यासाठी एक शब्दतज्ज्ञही असे. पहिल्याच सूचनेवर उत्तर आले तर दहा गुण. चुकले, तर पाळी दुसऱ्या जोडीकडे आणि गुण नऊ. असे करीत एकापर्यंत उतरायचे. पंचवीस गुण आधी मिळवणारी जोडी जिंकत असे.

हा नियम वाचताना कोरडा वाटतो, म्हणून एक कल्पित डाव मांडून पाहू. समजा, शब्द आहे 'कंदील'. पहिली जोडी: 'दिवा'. जोडीदार म्हणतो, 'पणती'. चूक. दुसरी जोडी: 'काच'. उत्तर येते, 'आरसा'. हेही चूक. पाळी पुन्हा पहिल्या जोडीकडे: 'रॉकेल'. आता जोडीदाराच्या कानावर तीन सूचना पडल्या आहेत, त्यांतली एक प्रतिस्पर्ध्याची. शिवाय दोन चुकलेली उत्तरेही त्याच्या हाताशी आहेत. दिवा, काच, रॉकेल हे तीन धागे एकत्र येतात आणि तो म्हणतो, 'कंदील'. आठ गुण.

या छोट्या डावात खेळाची सारी खुबी आहे. गुण जसजसे घटतात, तसतसा उलगडा वाढतो. प्रतिस्पर्ध्याचे चुकलेले उत्तर आपल्या कामी येते. म्हणून त्याचे बोलणे आपल्या माणसाच्या बोलण्याइतक्याच लक्षपूर्वक ऐकावे लागते. समोरच्याचे न ऐकता जिंकता येत नाही, असे किती खेळ आपल्याला ठाऊक आहेत?

दुसरी गोष्ट अशी, की येथे नुसत्या शब्दसंपत्तीचा फारसा उपयोग नाही. एखाद्याला 'कंदील'साठी दहा संस्कृत प्रतिशब्द येत असतील. जोडीदाराला ते ठाऊक नसतील तर ते सारे व्यर्थ. सूचना देणाऱ्याला क्षणभर स्वतःच्या डोक्यातून उठून दुसऱ्याच्या डोक्यात जाऊन बसावे लागते. 'मला काय येते' हा प्रश्न बाजूला ठेवून 'हा शब्द ऐकून याला काय आठवेल' एवढेच पाहावे लागते. ज्यांना उपदेश करण्याचे, शिकवण्याचे वा मुले वाढवण्याचे काम करावे लागते, त्यांना या प्रश्नाचे वजन वेगळे सांगायला नको.

आता प्रेक्षकाकडे वळू. खेळाडूच्या हाती शब्द देताच निवेदक तो घरच्या प्रेक्षकांना कुजबुजत्या स्वरात सांगून टाकत असे. हा तपशील आम्हाला फार मोलाचा वाटतो. प्रश्नमंजूषेत प्रेक्षक अज्ञानात असतो; उत्तर देणारा विद्वान आणि पाहणारा थक्क, असे ते नाते. येथे प्रेक्षकाला सारे ठाऊक असते, ठाऊक नसते ते फक्त त्या बिचाऱ्या जोडीदाराला. त्यामुळे आपण थक्क होत नाही, तळमळतो. 'अरे, दिवा नको, रॉकेल म्हण!' असे आपल्या ओठांवर येते. कादंबरीतील पात्राला ठाऊक नसलेले सत्य वाचकाला ठाऊक असावे आणि त्याने श्वास रोखून पाने उलटावीत, तसाच हा रस आहे.

या कुजबुजीला एक पार्श्वभूमीही होती. १९५०च्या दशकात अमेरिकेत भरमसाट बक्षिसांच्या प्रश्नमंजूषांची लाट आली होती. १९५८ साली त्यांतील लबाडी बाहेर आली: लोकप्रिय स्पर्धकांना उत्तरे आधीच पढवली जात. 'ट्वेंटी-वन' या कार्यक्रमाने घराघरांत पोहोचलेले चार्ल्स व्हॅन डोरेन हे कोलंबिया विद्यापीठातील अध्यापक. २ नोव्हेंबर १९५९ रोजी त्यांनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे आपल्याला प्रश्न व उत्तरे आधी मिळत होती, अशी कबुली दिली. १९६० साली असे कार्यक्रम बनावटीने घडवणे हा कायद्याने गुन्हा ठरला. लोकांचा विश्वास उडालेला असताना जो खेळ आला, त्याने उत्तर लपवलेच नाही. एका खेळाडूला आणि साऱ्या देशाला ते उघड सांगून टाकले. विद्वत्तेचा देखावाही त्याने मांडला नाही. बक्षीसही मोह पडावा असे नव्हते. डाव जिंकला तर शंभर डॉलर. त्यानंतरच्या फेरीत साठ सेकंदांत पाच शब्द ओळखायचे, प्रत्येकी पन्नास डॉलर. म्हणजे फार तर आणखी अडीचशे. पैसा लहान ठेवल्यामुळे शब्द मोठा राहिला, असे आमचे मत आहे.

प्रसिद्ध व्यक्तींच्या सहभागाबद्दल मात्र मत देताना आम्ही थोडे थबकतो. चित्रपट-नाटकांतील नामवंतांना बसवून प्रेक्षक ओढायचे, हा धंद्याचा हिशेब होता, यात शंका नाही. परंतु मांडणीच अशी, की प्रसिद्धीचा डावात काडीचाही उपयोग होत नसे. नामवंत नटाने चुकीची सूचना दिली, की एखादी गृहिणी गोंधळून त्याच्याकडे पाही आणि सारा देश तो गोंधळ पाही. पुढे सूचना देण्याचे काम त्या गृहिणीकडे आले, की नटाला तिच्या तोंडाकडे पाहत बसावे लागे. दोघांना एकमेकांची तेवढीच गरज. व्यासपीठावरचा मान आणि डावातला मान यांत असा फरक पडलेला पाहणे आम्हाला सुखद वाटते. घरगुती खेळाने हेच सिद्ध केले. १९६२पासून मिल्टन ब्रॅडली कंपनीने हा खेळ पेटीत घालून विकायला आणला. तांबड्या पारदर्शक पट्टीखाली धरल्यावरच पत्त्यावरचा शब्द वाचता येई. घरच्या टेबलावर कोणी नट नव्हता, नटी नव्हती. तरीही त्या पेटीच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. खेळाचा प्राण प्रसिद्धीत असता, तर तो पेटीत बंद करता आला नसता.

सूत्रधार ॲलन लडन यांच्याविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. ते इंग्रजी साहित्याचे पदवीधर. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या 'कॉलेज बोल' या ज्ञानस्पर्धेचे सूत्रसंचालन त्यांनी केले होते. जुन्या कृष्णधवल भागांत ते खेळाडूंच्या वर चढत नाहीत. चांगली सूचना आली की मनापासून दाद देतात, फसली की तिची थट्टा बेताने करतात. खेळ सुरू झाला त्याच १९६१ साली त्यांची पत्नी कर्करोगाने वारली. पदरी तीन मुले होती. सुरुवातीच्याच काही आठवड्यांत पाहुणी खेळाडू म्हणून अभिनेत्री बेटी व्हाइट आल्या. लडन यांच्या मागणीला त्यांनी बराच काळ नकार दिला. अखेर १४ जून १९६३ रोजी दोघांचा विवाह झाला. लडन ९ जून १९८१ रोजी निवर्तले. व्हाइट यांनी पुन्हा लग्न केले नाही. मात्र खेळाच्या पुढच्या अवतारांत त्या पाहुण्या म्हणून येत राहिल्या. ३१ डिसेंबर २०२१ रोजी, शंभरावा वाढदिवस अवघ्या काही दिवसांवर असताना, त्यांचे निधन झाले.

या पुढच्या अवतारांकडे पाहिले, की खेळाचे मर्म कशात होते ते अधिक स्पष्ट होते. १९७९ साली एनबीसीवर आलेल्या 'पासवर्ड प्लस'मध्ये पाच शब्दांच्या आधारे एक मोठे कोडे सोडवायचे असे. त्यात सरळ विरुद्धार्थी शब्द सूचना म्हणून देण्यास मनाई झाली. ही सुधारणा योग्यच होती. 'रात्र' म्हटले की 'दिवस' आपोआप येतो. त्यात मन जाणण्याचा प्रश्नच उरत नाही. २००८ साली मात्र सीबीएसने 'मिलियन डॉलर पासवर्ड' आणला. नावातच दहा लाख डॉलर. तेथे प्रत्येक जोडी तीस सेकंदांत आपापले पाच शब्द स्वतंत्रपणे खेळे. प्रतिस्पर्ध्याचे ऐकण्याची गरज संपली. घड्याळ आणि रक्कम एवढेच उरले. तो कार्यक्रम २००९ साली बंद पडला. बंद पडण्याची कारणे अनेक असू शकतील. परंतु कलाकृती म्हणून त्यात काय हरवले, हे आमच्या लेखी स्वच्छ आहे. ऑगस्ट २०२२मध्ये एनबीसीने अभिनेत्री केकी पामर यांच्याकडे सूत्रे सोपवून खेळ परत आणला आणि आलटूनपालटून सूचना देण्याची जुनी पद्धतही परत आली. पामर यांना त्यासाठी एमी पुरस्कार मिळाला. आजची रोषणाई व आरडाओरडा आम्हाला अंमळ जास्त वाटतो. पण पाया पुन्हा जागेवर आला आहे.

खेळाला एक मर्यादा आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. एका शब्दाने दुसरा शब्द आठवायचा, तर दोघांचे जग काही अंशी एकच असावे लागते. तीच म्हण, तेच स्वयंपाकघर, तीच गाणी ज्यांनी ऐकली त्यांनाच हे साधते. बाहेरून आलेल्या माणसाला व्याकरण येत असूनही तो तेथे मुका ठरेल. म्हणजे यार्देनेचा उतार पुरता ओलांडला गेला आहे, असे म्हणता येत नाही.

परंतु हीच मर्यादा आपल्या घरांत उपयोगी पडेल, असे आम्हाला वाटते. आज आपल्या अनेक कुटुंबांत आजी बोलीत बोलते, आई-वडील प्रमाण मराठीत, आणि नातवंडे इंग्रजी शाळेतून येतात. सगळे एका छपराखाली राहतात, पण एकमेकांचे शब्द एकमेकांना आठवत नाहीत. अशा घरात एखाद्या संध्याकाळी चिठ्ठ्यांवर शब्द लिहून हा डाव मांडावा. मराठीत मांडताना नियमही आपले करावे लागतील. 'घरात' हा एक शब्द धरायचा की दोन, विभक्तीचा प्रत्यय चालेल का, सामासिक शब्दाचे काय, यावर वाद होतील. तेही चांगलेच; व्याकरणावर घरात वाद झाल्याला बरेच दिवस झाले असतील.

आजीच्या चिठ्ठीत 'कंदील' निघाला, तर ती सवयीने 'रॉकेल' म्हणेल. नातवाने रॉकेल कधी पाहिलेले नाही; तो गप्प बसेल. मग आजीला स्वतःच्या ओसरीवरचा तो काजळी धरलेला कंदील बाजूला ठेवून, नातवाने कोणता कंदील पाहिला आहे, हे आठवावे लागेल. पुढच्या पाळीला ती म्हणेल, 'नाताळ'. तो म्हणेल, 'तारा'. आणि तिसऱ्या खेपेस, बांबूच्या कामट्या आणि खळ डोळ्यांपुढे आणून, ती म्हणेल, 'कागद'.