फळीची वरची बाजू

जुन्या घराच्या लाकडी जमिनीला नवे रूप देणे म्हणजे काय, याची एक ठरलेली कल्पना अलीकडे आपल्याकडे रुळली आहे. वरचा थर यंत्राने घासायचा, आतले सोनेरी सागवान उघडे करायचे आणि त्यावर पॉलिशचे दोन-तीन हात मारायचे. युरोप-अमेरिकेतल्या ज्या घरांमधून ही कल्पना आली, तिथे ती एका मर्यादेत योग्यच आहे, कारण तिथे माणसे फळीवरूनच चालतात. बीड जिल्ह्यातल्या वाड्यांना ती लावली जाते तेव्हा मात्र मला पहिला प्रश्न पडतो, की इथे अशी लाकडी जमीन आहे तरी कुठे?

अंबाजोगाई, धारूर, बीड शहराचा जुना भाग इथले वाडे मी काही वर्षे पाहतो आहे. माडीवर पायाला लागते ती सारवलेली माती, नाहीतर पुढे कधीतरी बसवलेली शहाबादी फरशी. तिच्याखाली चोपलेली माती, मातीखाली फळ्या, फळ्यांखाली कड्या, कड्यांखाली तुळई आणि तुळईखाली दगडी उथळ्यावर उभा असलेला खांब. खालच्या सोप्यात बसून वर पाहिले की याच रचनेला आपण कडीपाट म्हणतो. म्हणजे एकाच फळीची एक बाजू खालच्यांचे छत आणि दुसरी वरच्यांच्या जमिनीचा पाया. सुताराला हे पक्के ठाऊक असे. एका वाड्यात माती उतरवलेली असताना मी दोन्ही बाजू हाताने चाचपून पाहिल्या. खालची बाजू रंध्याने साफ केलेली, कडा हलक्या गोलवलेल्या. वरची वाकसाने तासून तशीच सोडलेली, घाव मोजता येतील इतके स्पष्ट. न दिसणाऱ्या जागी मेहनत वाया घालवायची नाही, हा कामाचा हिशेब त्या घावांत आहे.

आज माती काढून नेमकी हीच बाजू ग्राइंडरखाली घातली जाते. घाव तर जातातच, फळीची जाडीही जाते. मातीच्या गादीवरून सारखा पसरणारा भार आता खाटेच्या चार पायांवरून थेट फळीवर येतो. फळ्यांच्या फटींतून धूळ खाली गळते, बोलणे ऐकू जाते. मग कुणीतरी वरून सिमेंटचा कोबा घालण्याचा सल्ला देतो. कोबा तडकतो, पाणी आत जाते आणि बाहेर पडायला वाट राहत नाही. भिंतीत गेलेली कड्यांची टोके सर्वांत आधी कुजतात, आणि ती डोळ्यांना दिसत नाहीत. खालच्या बाजूची तऱ्हा वेगळी. तिथे पूर्वी फासलेला ऑइलपेंट कॉस्टिक सोड्याने उतरवतात. त्याने लाकडाचे तंतू फुगतात, सागवान काळवंडते, मग तो डाग घालवायला पुन्हा घासणे आलेच.

हा वाद नवा नाही. इंग्लंडमध्ये जुन्या चर्चच्या भिंती खरवडून त्यांना 'मूळ रूप' देण्याची लाट आली होती, तेव्हा विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. तिला 'अँटी-स्क्रेप', म्हणजे खरवडविरोधी, असेच टोपणनाव पडले. जुनेपणा खरवडून मूळ रूप हाती येत नाही, हे तिचे म्हणणे. मला ते पटते. फक्त आपल्याकडे त्यात एक अडचण आहे.

ती अडचण म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. किल्लारीच्या भूकंपात शेजारच्या लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली, त्यांतली कितीतरी माळवदाच्या मातीखाली आणि दगडी भिंतींखाली. गळती थांबवायला दर काही वर्षांनी वर नवी माती टाकायची, अशी रीत असल्याने माळवद दीड-दोन फूट जाड झालेले असे. त्यानंतर मातीच्या छताची भीती मराठवाडाभर बसली आणि ती खोटी नाही. 'माती काढू नका' असे मला कुणाच्याही तोंडावर म्हणवत नाही. पण त्याच भूकंपात भिंती ढासळूनही खांब-तुळयांच्या सांगाड्यावर छत टिकून राहिलेली घरेही आढळली. दोष लाकडाचा नव्हता, वजनाचा आणि भिंतींच्या कच्च्या बांधणीचा होता. कमी करायचे ते वजन. आपण मात्र फळी झिजवतो.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. ती सारवलेली जमीन कोण राखत होते? घरातल्या सुना आणि शेण-माती डोक्यावरून माडीवर आणणाऱ्या बाया. वाड्याविषयी लिहिताना आपण दगडाकडे आणि मालकाच्या वंशावळीकडे पाहतो. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'नंतर (१९८५) वाडा आपल्या समीक्षेत ऱ्हासाचे प्रतीक होऊन बसला. प्रतीकाला वाळवी लागत नाही, म्हणून त्याच्या कड्यांची चौकशीही कुणी करत नाही. सारवणाचे ते दिवस परत यावेत असे मी म्हणणार नाही. ते काम कुणाच्या वाट्याला येई, हे मला माहीत आहे. पण चकचकीत फळी त्या कामाचा मागमूसही ठेवत नाही. तिच्याकडे पाहून वाटते, की या घरात नेहमी बूट घातलेली माणसेच वावरत असतील.

कायद्याचा आधार इथे फारसा नाही. राज्याचा १९६० चा कायदा संरक्षित स्मारकांसाठी आहे. भावकीत वाटण्या झालेला खासगी वाडा त्यात सहसा येत नाही. पुष्कळदा घासण्याचा प्रश्नच उरत नाही. सागवान घनफुटावर विकले जाते, कोरीव खांब मुंबईच्या चोरबाजारात किंवा ओशिवऱ्यात पोचतात आणि तिथून एखाद्या हॉटेलात जाऊन 'अस्सल जुने' ठरतात.

अंबाजोगाईत एका वाड्याच्या मालकांनी वेगळे केले. निम्म्याहून अधिक माती उतरवली, कुजलेल्या दोन कड्यांची फक्त टोके जुन्याच सागवानाने जोडून घेतली, फळ्यांवर पातळ मातीचा थर ठेवून वर फरशी पूर्ववत बसवली. खालची बाजू ओल्या फडक्याने पुसून तिला जवसाचे तेल, म्हणजे दुकानात मिळते ते बेलतेल, कापडाने चोळले. लाकूड काळसर, मंदच दिसते. येणारे पाहुणे त्यांना विचारतात, पॉलिशचे काम कधी सुरू करणार?