शाल यांचा पत्रसंग्रह आणि अस्सलपणाची कसोटी

बनावट कागदांचीं उदाहरणें जगाच्या इतिहासांत थोडीं नाहींत. परंतु फ्रेंच भूमितिज्ञ मिशेल शाल (१७९३-१८८०) यांच्या पत्रसंग्रहाचें प्रकरण त्या सर्वांत विशेष विचारार्ह आहे. तें बहुधा गमतीची गोष्ट म्हणून सांगण्यांत येतें. क्लिओपात्रानें सीझरला, शिकंदरानें ॲरिस्टॉटलला आणि मेरी मॅग्डालीननें लाझारसला लिहिलेलीं पत्रें, व तींही फ्रेंच भाषेंत, एका विद्वानानें पैसे मोजून घेतलीं, हें वाचून वाचक हंसतो व पान उलटतो. या हंसण्यांत खरा बोध निसटतो. शाल हे भोळे गृहस्थ नव्हते. ते पॅरिसच्या विज्ञान-अकादमीचे सभासद होते. भूमितीच्या इतिहासावरील त्यांचा १८३७ सालचा ग्रंथ विद्वन्मान्य होता. आणि १८६५ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यांस कोप्ली पदक अर्पण केलें होतें. असा पुरुष आठ वर्षें फसत राहिला तो कोणत्या विचारदोषामुळें, हें पाहणें संग्राहकांस अगत्याचें आहे.

कागद विकणारा दनी व्रँ-ल्युका हा शातोदँकडील एका गरीब घरांतला, वकिलाच्या कचेरींत कारकुनी केलेला इसम. १८६१ पासून १८६९ पर्यंत त्यानें शाल यांस २७,००० हून अधिक कागद विकले व सुमारें १,४०,००० फ्रँक घेतले. कागद आले कोठून, या प्रश्नास त्याचें उत्तर तयार होतें. राज्यक्रांतीच्या धामधुमींत, १७९१ सालीं, ब्वाजुर्दँ नांवाचा सरदार अमेरिकेस निघाला असतां त्याचें जहाज फुटलें. त्यांतून वांचलेला हा संग्रह असून, हल्लींचा मालक आपलें नांव उघड करूं इच्छीत नाहीं, असें तो सांगे. कागदांची जीर्णावस्था या हकीकतीशीं सहज जुळे. वस्तुतः जुन्या पुस्तकांतील कोरीं पानें कापून त्यांवर तो स्वतः लिहीत असे. म्हणजे कागद खरोखरच जुना होता. मजकूर मात्र कालचा होता.

१८६७ च्या जुलै महिन्यांत शाल यांनीं पास्कालचीं कांहीं पत्रें व टिपणें अकादमीपुढें मांडलीं. त्यांवरून गुरुत्वाकर्षणाचा नियम न्यूटनच्या आधीं पास्कालनें शोधल्याचें ठरत होतें. फ्रान्सच्या अभिमानास हें सुखावणारें होतें, आणि येथेंच चिकित्सेची धार बोथट झाली. तथापि आक्षेप लगेच निघाले. पास्कालच्या ग्रंथाचे संपादक फोजेर यांनीं अक्षराचें वळण पास्कालचें नव्हे असें सांगितलें. १६५४ सालीं ज्या न्यूटनला पास्काल गहन विषयावर पत्र लिहितो, तो त्या वेळीं अवघा अकरा वर्षांचा शाळकरी मुलगा होता, याकडे ब्रूस्टर यांनीं लक्ष वेधलें. टिपणांतील ग्रहांविषयींचे आंकडे न्यूटनच्या ग्रंथाच्या १७२६ सालच्या तिसऱ्या आवृत्तीशीं जुळतात, हें ग्लासगोचे ग्रँट यांनीं दाखविलें.

या आक्षेपांस शाल यांनीं दिलेलीं उत्तरें हाच सर्व प्रकरणाचा गाभा होय. प्रत्येक शंकेस त्यांच्याजवळ नवें पत्र निघे. न्यूटन लहान होता म्हणावें, तर त्याची अलौकिक बुद्धि वर्णन करणारीं पत्रें निघत. पास्कालजवळ शनीच्या उपग्रहाचीं मानें कोठून असणार असें विचारावें, तर गॅलिलिओनें १६४१ सालीं तीं कळविल्याचें पत्र निघे. गॅलिलिओ त्यापूर्वींच अंध झाला होता असें म्हणावें, तर तो सर्वस्वीं अंध नव्हता असें सांगणारें पत्रही निघे! शाल यांस यांत आपल्या पक्षाचें बळ वाढतांना दिसत होतें. खरें पाहतां, शंका निघतांच तिचें समाधान करणारा पुरावा दर वेळीं त्याच हातून यावा, हीच बनावटीची सर्वांत मोठी खूण होती. अस्सल दप्तर आपल्या शंकांची वाट पाहून बोलत नाहीं. तें पुष्कळदां मुग्ध असतें, कधीं उलटही बोलतें.

शाल यांचा दोष विश्वास ठेवण्यांत नव्हता. एका कागदास दुसऱ्या कागदाची साक्ष देववितांना दोन्ही एकाच विक्रेत्याकडून आले आहेत, हें विसरण्यांत होता. एका हातून आलेले सत्तावीस हजार कागद म्हणजे सत्तावीस हजार साक्षीदार नव्हेत. तो एकच साक्षीदार. शाल यांनीं त्या कल्पित मालकास एकदांही पाहिलें नाहीं.

निकाल अखेर मजकुराच्या तुलनेनें लागला. अक्षराच्या वादांत मतास मत भिडतें. परंतु १८६९ सालीं ब्रेतों यांनीं पास्कालच्या म्हणविल्या टिपणांतील उतारे अठराव्या शतकांतील सावेरियँ या लेखकाच्या छापील ग्रंथांत जसेच्या तसे दाखविले, आणि ल व्हेरिए या ज्योतिष्यानें साऱ्या पुराव्याची पद्धतशीर छाननी केली. यावरही सावेरियँ यानेंच या पत्रांवरून उतारे घेतले, असें उत्तर आलेंच. शेवटीं, पैसे घेऊन न दिलेले कागद विक्रेता परदेशीं पाठवील या भीतीनें शाल यांनींच त्याच्यावर पाळत ठेवविली, आणि सप्टेंबर १८६९ मध्यें तो पकडला गेला. फेब्रुवारी १८७० मध्यें त्यास दोन वर्षांची कैद झाली. तज्ज्ञ बोर्दिए व माबीय यांनीं त्याच सालीं या कारखान्याचा वृत्तांत छापून प्रसिद्ध केला.

संग्राहकानें यावरून घेण्याजोगें एवढेंच कीं, कागद, शाई व वळण यांची परीक्षा आवश्यक असली तरी ती पहिली पायरी आहे. कागद कोणाच्या घरांतून, कोणत्या क्रमानें आला हें विचारावें. त्यास त्या संग्रहाबाहेरचा आधार शोधावा. आणि जें पत्र आपल्या मनाजोगें अगदीं तंतोतंत बोलतें, त्याची परीक्षा इतरांहून दुप्पट कडक करावी. शाल यांच्या ज्ञानांत उणीव नव्हती. आपल्या आवडत्या कागदास हा एक प्रश्न विचारण्याचें त्यांनीं टाळलें, आणि त्या एका टाळाटाळीची किंमत आयुष्यभर मिळविलेल्या कीर्तीस मोजावी लागली.